पेन्सिल सेल

खलीलभाईंनी जेद्दाहून आणला,
उधारीच्या बदल्यात कुणीतरी गळ्यात मारलेला.
अंगावर नाव : वंडरस्वान.
उदगीरच्या बसस्टँडमागं, घड्याळदुरुस्तीच्या टपरीत,
आम्ही त्याला हंस्या म्हणायचो.

दहा मिनिटांना रुपया. सेल आपला आणायचा.
एकच लागायचा,
आणि आमच्या घरात तो एकाच ठिकाणी होता.
त्या उन्हाळ्यात भिंतीवर
रोज पावणेचारच वाजलेले.
"कामून बंद पडतंय हे सारखं?" म्हणत आई
घड्याळ घेऊन मलाच धाडायची,
खलीलभाईंकडंच.

पडदा काळापांढरा. अक्षरं जपानी.
झोपडीसारखं आलं की वर दाबायचं,
मोडक्या खुर्चीसारखं आलं की पळायचं :
हे आधी मिसाळांच्या कावेरीला वाचता आलं.
मराठीत ती दोनदा नापास.

मग कुणाकुणाच्या काकांकडं मोबाईल आले, त्यात साप.
हंस्याचं भाडं आठ आणे झालं,
मग फुकट,
मग तो पावत्यांवर वजन म्हणून बसला.
तिकडं कंपनीनं बनवायचंच सोडलं होतं म्हणे.
आम्हाला काय,
आमच्यापुरता जगात एकच होता.

रस्ता रुंद झाला, टपरी उठली.
इद्रिसनं बापाचा डबा माझ्या हातात दिला :
काटे, पट्टे, भिंगं, तळाशी हा.

सेल घातला.
दोन रेघा मेलेल्या. तरी आली झोपडी,
आणि अंगठा न विचारता वर गेला.

आतून बायकोचा आवाज,
"अहो, किती वाजले बघा."