तीन खिळे

रोज सकाळी साडेसातला
नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीला मी शिडी लावायचो
आणि आकडा बदलायचो.

फलकावर सोलेन केर्वादेक हसत असायची.
बहिणीच्या लग्नातला फोटो, कानामागे कसलंसं पांढरं फूल,
खाली ठळक अक्षरांत : आम्ही तुला विसरलो नाही.
त्याखाली तीन खिळे, तीन पत्र्याचे आकडे.
बाकीचे आकडे माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात.
नऊ एकच होता. कमी पडला की सहा उलटा टांगायचो.
चारशे दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोलेन नर्स. तिकडे नायजरमध्ये, ताहुआच्या पुढे,
लशी घेऊन चाललेली गाडी अडवली आणि नेलं.
मग आमच्या गावातल्या प्रत्येक बेकरीच्या काचेवर ती आली,
शाळेतल्या पोरांनी बंदरात कागदी होड्या सोडल्या,
पॅरिसहून टीव्हीवाले आले
आणि त्यांनी मला शिडीवर तीनदा चढवलं,
कारण उजेड मनासारखा पडत नव्हता.

बातमीच्या शेपटाला एक वाक्य असायचं.
वेळ उरला तर.
तिचा स्थानिक चालकही बेपत्ता आहे.
चालक.
जणू गाडीबरोबरच गेलेलं काहीतरी :
जॅक, स्टेपनी, चालक.
खोटं कशाला बोलू, मीही तेव्हा
हवामान ऐकायला थांबलेलो असायचो.

चारशे बाराव्या दिवशी ती सुटली.
चर्चच्या घंटा दुपारभर वाजल्या.
मी फलक उतरवला, गुंडाळला, सुतळीने बांधला.

तीन आठवड्यांनी ती गोदामात आली. एकटीच.
फोटोतल्यापेक्षा बुटकी.
म्हणाली, आकडे टाकून तर नाही दिलेस?
इल्यासू अजून तिथेच आहे.

मग पिंपावर बसून सांगत राहिली.
त्यांच्या फोनवर आपली ही भिंत दिसायची.
बघ, तुझे लोक किती ओरडतात, म्हणायचे,
आणि रक्कम वाढवायचे.
इल्यासू हसायचा.
म्हणायचा, मॅडम, मी स्वस्तातला, मला आधी सोडतील.

माझी किंमत फार झाली होती, ती म्हणाली,
पण कुणीतरी ती विचारत तरी होतं.

नगराध्यक्षा वाईट नाहीत. त्यांनी कॉफी दिली.
फोटो आहे का, विचारलं.
होता : वाहन परवान्यावरचा, कानावर स्टेपलरची दोन भोकं.
मोठा केला तर चेहऱ्याची रवाळ वाळू झाली.
लोक थकलेत हो, बाई म्हणाल्या,
आणि हा तसा आपल्या गावचा नाही.
सोलेन काही बोलली नाही.
कपातली कॉफी तशीच निवत गेली.

शेवटी मागची भिंत मिळाली,
जिथे कचऱ्याच्या गाड्या वळतात.
इल्यासू महामान. नाव मी स्वतः रंगवलं,
एक अक्षर चुकलं, पुन्हा पुसून लिहिलं.
मोजणी पहिल्यापासून धरली नाही,
चारशे तेरापासून पुढे चालू ठेवली.
त्याचे आधीचे दिवस
तिच्या नावाखाली लागून गेले होते.

गाडीवाले हॉर्न देतात, शिडी हलव म्हणतात.
एकाने विचारलं, कोण हा, फुटबॉलवाला?
मी म्हटलं, चालक.
मग म्हटलं, इल्यासू.

आज नऊशे नव्व्याण्णव.
एक खरा नऊ, दोन उलटे सहा.

उद्या चार आकडे लागतील, खिळे तीनच आहेत.
चौथा ठोकायला परवानगी लागते का,
कुणाला विचारलेलं नाही.
हातोडा शिडीखाली ठेवलाय.