नग

अठरा वर्षं मी कुपिश्किसजवळच्या मिंक फार्मचा हिशेब लिहिला.
आवक, जावक, मर, शिल्लक.
चारही रकान्यांच्या डोक्यावर एकच शब्द : नग.
बोटं गारठलेली असत, अक्षर मात्र वळणदार.
खिडकीपलीकडे पत्र्याच्या छपरांच्या ओळी
आणि तारेच्या जाळीवर नखांचा आवाज,
कोणी धान्य पाखडत बसावं तसा, दिवसभर.
मी रेडिओ मोठा करायचे.

आता बाजारात उभी असते,
धुरी दिलेले मासे विकणाऱ्या डान्गुओलेच्या टेबलाशेजारी.
शाई गोठते. मी पेन काखेत धरते, ताप मोजावा तसं,
कोणी थांबलं की काढून देते, ऊबदार.
नाव, जन्मतारीख, पत्ता, सही.
खाडाखोड चालत नाही.
दिवसाला एकतीस. बर्फ पडला की नऊ.
"एवढ्यानं काय होणार, जेनोव्हाइते?"
अगं, मला आकडे कळतात, म्हणून तर उभी आहे.
नऊ म्हणजे शून्य नव्हे.

शेजारचा झेनोनास थांबला, पण सही केली नाही.
त्याचा मुलगा अजून तिथंच, कातडी ताणायच्या फळ्यांवर.
म्हणाला, "तुला पेन्शन लागली, मग तुला दया आली."
बोचलं. कारण खरं होतं.
त्या रात्री मसुदा पुन्हा उघडला,
कलम चारखाली पेन्सिलीनं लिहिलं :
फार्म बंद होतील तेव्हा
मजुरांना दोन वर्षांचा पगार, दुसरं काम शिकायची सोय.
व्हिल्नियसची तरुण वकील फोनवर गप्प झाली,
मग म्हणाली, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

समितीपुढं तीन मिनिटं मिळाली.
भाषण पाठ होतं, बसमध्ये सगळी वाट पुटपुटत आले होते,
आणि ऐन वेळी घशात काही उरलं नाही.
पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, घरून कापून आणलेलं,
चकचकीत लाकडी जमिनीवर पसरलं.
"इतकी जागा. जन्मल्यापासून कातडं निघेपर्यंत."
बस. अडीच मिनिटं शिल्लक राहिली,
ती कोणी वापरली नाहीत.
बाहेर पडताना अध्यक्ष कागदाला वळसा घालून गेले,
फरवाल्यांच्या संघटनेचा माणूससुद्धा.
रद्दीच ती. पण पाय कोणी दिला नाही.

कायदा झाला, असं समजू नका.
पहिलं वाचन झालं. दुसरं वसंतात, म्हणतात.
कोणत्या वसंतात, ते कुठं लिहिलेलं नाही.
तोवर आम्ही पत्रं लिहितो, एकेका सदस्याला, हातानं,
प्रत्येक वेगळं, म्हणजे एका गठ्ठ्यात फेकता येऊ नये.
डान्गुओले म्हणते, माझ्या पत्राला माशांचा वास येतो गं.
येऊ दे. लक्षात राहील.

झेनोनासनं फेब्रुवारीत सही केली,
कलम चार दोनदा वाचून, हातमोजा न काढता.
ती कचेरीतून परत आली. शेरा : अवाच्य.
संध्याकाळी त्याच्या दारात गेले. "पुन्हा करावी लागेल."
वाटलं, आता दार लावील.
त्यानं हातमोजा काढला. चष्मा शोधला.
मुलाला हाक मारली, बॅटरी धर म्हणून.
मुलानं धरली.
बाप सही करत होता, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं.
मग मुलानं कागद हळूच आपल्याकडे ओढला
आणि पहिल्या कलमापासून वाचू लागला,
जिथं आम्ही जुन्या कायद्यातला 'नग' काढून
'जीव' लिहिलं आहे.
ओठ हलत होते त्याचे.
मी उंबऱ्याबाहेर, बर्फात,
दुसरं पेन काखेत धरून उभी.