तिरफळं

तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतो.
माणसांनी चढू नये, हाच माझा धंदा.
शाफ्टमध्ये टॉर्च मारून बघा :
डबा वर जातो
तेव्हा भिंतीलगत लोखंडाचं एक वजन
गुपचूप खाली येत असतं.
कुणी उतरल्याशिवाय
कुणी चढत नाही आमच्यात.

मुलुंड कॉलनीमागच्या टेकडीला
असं वजन कुठेच नाही.
पहिल्या रविवारी मी शोधलं,
हात गुडघ्यांवर, तोंडात पितळेची चव.
मजले मोजत पळत होतो. सहावा, सातवा,
अकराव्याला पोटऱ्यांचं लाकूड झालं
आणि एक म्हातारी बकरी
चघळत चघळत मला मागे टाकून गेली.

कुंदा तांडेल नाहूरच्या शाळेत पीटी शिकवते.
गळ्यात शिट्टी, रविवारीसुद्धा.
म्हणाली, वर काय बघतोस?
वर मोबाइलचा टॉवर आहे.
पावलं चिमणीएवढी टाक, आणि बोलत राहा.
काल काय जेवलास ते सांग.

"बांगड्याचं..." म्हटलं
आणि श्वास संपला.

पुढचे कितीतरी रविवार
बांगडा टोपापर्यंत पोचलाच नाही.
दिवाळीनंतर खोबरं खवून झालं.
थंडीत मिरच्या भिजल्या,
सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडायला लागली.
लाल मातीच्या घसरड्या वळणावर
धणे घालायचे की नाही यावरून आमचं भांडण.
एकदा पार धापलो. ती म्हणाली, चाल की.
वाटण करपू नये म्हणून गॅस बारीक करतोस ना?
मग चाल.
चाललो. लाज वाटली, थोडी.
पुढच्या वळणाला वाटली नाही.

तो दिवस फेब्रुवारीतला, तसा काही खास नव्हे.
आमसुलं पडली, रस्सा उकळला,
बांगड्याचे तुकडे हलक्या हाताने सोडले,
पाय कुठे पडतायत ते पायांनाच ठाऊक.
वरून कच्चं खोबरेल, म्हटलं,
झाकण ठेवायचं, म्हटलं,
आणि समोर टॉवर.
मजले मोजायचे राहूनच गेले होते.
खाली उन्हात मिठागरं, अलीकडे इमारती,
त्यातल्या चारपाचांत माझ्याच लिफ्ट,
अंगठ्याने झाकता येतील एवढ्या.
मी हसत होतो. का, विचारू नका.
खारट ओठ पुसले.

कुंदा म्हणाली,
"तिरफळं?"

उतारावर मी सुटलो, हात पसरून,
आता मीच ते लोखंडाचं वजन.
माझ्या बदल्यात कोण चढत होतं कोण जाणे,
बकरी असेल.
पायथ्याला बाटली अर्धी केली.
घरी बायको पोह्यांना थांबली होती.
सव्वाआठ. ऊन चढलेलं.

वळलो.
तिरफळं, म्हटलं, सातआठ घ्यायची,
बिया काढायच्या,
जराशी ठेचून...