एक स्क्रू उरला

योंगसानच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे निम्मी दुकानं आता नुसती शटरं आहेत,
मा गुमसोक आला तेव्हा मी नूडल्स खात होतो.
त्याच्या हातात यादी नव्हती.
यादी नसलेलं गिऱ्हाईक एक तर अडाणी असतं
नाहीतर आपला बाप.

लोक आधी ग्राफिक्स कार्ड मागतात,
मुलगी बघायच्या आधी घोडा ठरवावा तसं.
त्याने विचारलं, वीज कुठून येते?
मी पॉवर सप्लाय पुढे केला, हजार वॅटचा.
त्याने कलिंगड तोलावं तसा तळहातावर तोलला,
खाली ठेवला.
"दुसरा दाखव. जड असलेला."

कूलर बघताना पंख्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
तांब्याची नळी जिथे पत्र्याला भेटते
तिथे नख फिरवत राहिला.
"हे ज्याने जोडलं त्याला घरी जायची घाई होती."
तिसऱ्याच्या जोडावर नख अडलं नाही.
तेव्हा मी विचारलं, काम काय करता?
गोजेच्या गोदीत वेल्डर. सव्वीस वर्षं. मार्चपर्यंत.

मेमरीच्या चार पट्ट्या, लुकलुकणाऱ्या.
"दिवे कशाला?"
शोभेला.
"पोरा, उजेड मी पोटभर खाल्लाय."
दोनच घेतल्या, काळ्या, मुक्या.
काचेची पेटीही नको. आतलं सगळं दिसतं, मी म्हटलं.
"आत काय असतं ते मला ठाऊक आहे."

मग एवढं मशीन कशाला?

तो बराच वेळ रिकाम्या पेटीत बघत होता.
म्हणाला, जहाजाला दुहेरी तळ असतो,
मधल्या कप्प्यात माणूस गुडघ्यांवर मावतो.
काळ्या काचेतून दिसतो वाटाण्याएवढा ठिपका,
वितळलेला, सरकत जाणारा.
एकशे एकोणीस जहाजं.
अख्खं एकही पाहिलं नाही.
जहाज पाण्यात सोडायच्या दिवशी
आम्ही पुढच्याच्या पोटात.

पुतणीच्या एका खेळात बंदर आहे म्हणे.
पहाटे धुकं उठतं, आणि त्यातून नाळेपासून सुकाणूपर्यंत
हळूहळू एक जहाज बाहेर येतं.
तिच्या जुन्या लॅपटॉपवर ते चौकटी चौकटी होऊन आलं,
अडकत, फाटत.
"पुन्हा तुकडेच," तो म्हणाला.

मी कार्डाची किंमत सांगितली.

हा क्षण मला पाठ आहे.
माणूस मानेमागे हात नेतो
आणि छताला काहीतरी लिहिलंय असं वर बघतो.
मला दया आली, तीही धंद्यात.
म्हटलं, प्रोसेसरच्या अंगचं चित्र असतं,
सहा महिने काढा त्यावर,
दुधाची तहान ताकावर.

त्याने बायकोला फोन लावला. स्पीकर चालू.
पलीकडे पाटावर मुळा चिरला जात होता.
"किती?"
त्याने आकडा सांगितला.
सुरी थांबली.
माझे नूडल्स केव्हाच फुगून गेले होते.
सुरी पुन्हा सुरू झाली.
"अर्धं जहाज पाण्यात सोडतात का?"
एवढंच. फोन बंद.

जुळणी दोघांनी केली. म्हणजे त्याने केली,
मी वायरी ओळखून देत होतो.
तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मी ठेवली,
"पुरे," तो म्हणाला, जणू दुकान त्याचंच.
नऊ वाजता बटण दाबायचं
तर वाटीत एक स्क्रू उरला.

नेहमी उरतो, मी म्हटलं. खरंच उरतो.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी शटर अर्धं खाली ओढलं
आणि आम्ही सगळं पुन्हा उघडलं:
कार्ड, कूलर, पुसून नवी पेस्ट,
मदरबोर्ड उचलला,
आणि सापडली जागा, अगदी मधोमध,
जिथे कुणाचीही नजर कधी गेली नसती.

साडेदहाला पडद्यावर पांढरी अक्षरं आली.
मी ती वाचत होतो.
तो वाचत नव्हता. डोळे मिटून
त्याने तळहात पत्र्यावर ठेवला होता,
बराच वेळ.
"थंड आहे," म्हणाला,
आणि दोरी मागितली, पाठीवर बांधायला.