हळू आणि खोटा

मंगळवारी रात्री अकरानंतर कोणीतरी
चाळीस हजार खोटे पत्ते सोडले आमच्या जाळ्यात.
प्रत्येक पत्ता म्हणायचा, आहे माझ्याकडे, ये, घेऊन जा.
गेलं की दार उघडं, आणि दारामागे नुसती भिंत.

लष्करात, दौलतगंजच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
हीटरची एकच कांडी तापते आहे.
मी गुडघ्यांवर रजई घेऊन लॉग वाचते आहे.
ग्वाल्हेरचं धुकं असं, की समोरच्या शितोळ्यांचा दिवासुद्धा
अफवेसारखा.

मधोमध बसून वाटणारा असा आमच्यात कोणी नाही.
ज्याच्याकडे निरोप आहे तो देतो, ज्याला हवा तो मागतो.
आणि डाउनलोड फसलं, तर पुन्हा माग.
ही ओळ माझी. तीन वर्षांपूर्वी
दसऱ्याच्या सुट्टीत लिहिलेली, वर मान करून,
कारण चिकाटी हा गुण आहे असं शाळेत शिकवलं होतं.

एकच्या सुमारास आकडे जुळले.
हल्लेखोराने पाठवलं होतं मूठभर.
बाकी सगळा पूर आमचाच,
घराघरातून तोच प्रश्न, दर सेकंदाला, अगदी अदबीने:
देता का, देता का, देता का.

निनाद बिडवईचा फोन. तो घाबरला की हिंदीत शिरतो.
"बंद कर दें क्या सब?"
म्हटलं, थांब. थांबायलाच शिकवायचंय त्याला.
एक सेकंद. मग दोन. चार. आठ. सोळा.
आणि प्रत्येकाच्या थांबण्यात चिमूटभर लहर टाक,
नाहीतर सगळे पुन्हा एकाच ठोक्याला उठतील.
पाचदा नाही मिळालं, तर सोडून दे, विसर.

पूर ओसरला. मी चहा टाकला,
जरा ऐटीतच.

तिनाला बघते, तर विसरलेल्यांच्या यादीत
डबऱ्याचा एक पत्ता.
जुनं मशीन, वीज आली तरच जागं होणारं,
एकेक अक्षर चावून बोलणारं.
खोटा नव्हता तो. हळू होता.
पहिल्या पाच हाकांत दोघं सारखेच दिसतात.

चहा गार झाला.

शेवटची ओळ खोडली.
ज्याने कधीतरी, एकदा जरी, काही दिलंय
त्याला जास्त वेळ दे.
ज्याने नुसतंच ये म्हटलं, त्याच्याकडे फिरकू नकोस.
पण निरोप रांगेतून काढू नकोस. मागे ठेव.
तासाने विचार. संध्याकाळी विचार.
निनाद म्हणाला, कब तक?
मला आकडा सुचला नाही. मी एक टाकला.

पाच वाजून वीस मिनिटांनी डबऱ्यात वीज आली असावी.
तीन तुकड्यांपैकी दोन उतरले:
जिन्याखालची सायकल कोणाची आहे? चाक वाकलंय,
घंटी मात्र चांगली आहे. रविवारपर्यंत नेली नाही तर

तिसरा अजून आलेला नाही.
चौसष्ट सेकंद.
मी कांडी बंद करते, रजई वर ओढते.
एकशे अठ्ठावीस.