खांब क्रमांक एकशे सतरा

विनंती नाईकचा फोन बुधवारी आला होता:
मानशीजवळचा दिवा चाळीस मिनिटं बंद करशील?
मी मांद्र्याला होतो, मेव्हण्याच्या साखरपुड्यात,
हातात सोलकढीचा पेला.
म्हटलं, फाल्या करूया.

गुरुवारी शिडी लावली,
फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला.
वहीत कारण लिहायचं असतं. लिहिलं नाही.
आगरवाड्याची मिठागरं एकदम जवळ आली,
आधी बांध दिसले, मग बांधांमधलं पाणी.
उत्तरेला मात्र मोपाचा उजेड.
विमानतळाचा फ्यूज कोण काढणार?

ती औषधांच्या दुकानातून थेट आलेली,
बोटांना खोकल्याच्या औषधाचा वास.
सप्तर्षींच्या बाजूला, म्हणाली,
एक बुटकी दीर्घिका आहे. नाव नाही, नुसता नंबर.
शेजारचीच.
किती शेजारची?
एक कोटी वीस लाख वर्षं, उजेडाच्या चालीनं.
मी हिशेब सोडून दिला.
मला मांद्रेसुद्धा लांब वाटतं.

लॅपटॉपवर दोन फोटो,
मागच्या अवसेचा आणि आत्ताचा.
तिनं नख टेकवलं तेव्हा कुठे दिसला:
एक कण.
मी स्फोट शोधत होतो,
आणि हा तर आगरात पहिल्या दिवशी धरतो तसा,
मीठ म्हणावं की डोळ्यातला कचरा.
तारा गेलाय, ती म्हणाली,
पण जायला हवा तितक्या जोरात नाही.
काही असेही जातात,
घरातल्यांची झोप न मोडता.

मग तिनं कळवायची यादी उघडली.
कुणीतरी आधीच कळवलं होतं, फिनलंडहून,
एकोणीस तासांपूर्वी.

बुधवारचं नाव तिनं घेतलं नाही.
दुर्बिणीला झाकण लावलं, केबल गुंडाळली,
थर्मासमधला उरलेला चहा मला दिला,
साखर जास्त पडलेली.
एक कोटी वीस लाख वर्षं ते चालत आलं
आणि मी म्हटलं होतं, फाल्या.

फ्यूज खिशातच राहिला.
सकाळी बाबुसो फळीनं मीठ ओढत होता.
रात्री खांब का गेला रे?
म्हटलं, कुणीतरी वारलं.
त्यानं फळी टेकवली, डोक्यावरचा टॉवेल काढला.
आपल्या वाड्यातलं?
नाही. शेजारच्या.
वय झालेलं?
मी शिडी उघडत होतो. विनंतीला विचारायचं राहिलंच होतं.
झालं असेल, म्हटलं,
आणि चढलो.