शेरा

मंगळवारी आदेश आला, तीन प्रतींत:
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग पंचवटीतून उठेल
आणि पाथर्डी फाट्याला नव्या इमारतीत बसेल,
चौथा मजला.
सोबत यादी. टेबलं अकरा, कपाटं नऊ, पंखे सहा, पैकी एक बंद.
निवृत्ती शिपाई म्हणाला, यात मी कुठंय?
म्हटलं, तू पान दोनवर.
पान दोन झेरॉक्सवाल्याकडंच राहिलं होतं.

छोट्या हत्तीच्या पाच खेपा झाल्या.
पुराच्या सालचं रजिस्टर खालून चार बोटं तांबूस आहे;
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलेलं पाणी
खालच्या कप्प्यातल्या बाळांनाही लागलं होतं.
बाकीचे गठ्ठे निवृत्तीनं खांद्यावर टाकले,
ते एक छातीशी धरून नेलं.
खांदा दुखत असेल.

नव्या जागी काच आहे, काचेला गोल भोक,
खाली कागद सरकवायची फट.
टोकनच्या यंत्रातली बाई 'कृपया' म्हणते.
आमच्यात कुणी म्हणत नव्हतं.
खरं सांगायचं तर बरंच झालं.
तिकडं एका दाखल्याला आठ खेटे पडायचे, मधे चहा,
कधी चहाच्या वरचंही.
मी पाहिलंय. पाहून शाईची दौत शोधत बसलोय,
दौत समोर असताना.
आता सात मिनिटं. मोबाईलवर संदेश.

फक्त संगणकात रकाने बाराच.
रजिस्टरात तेरा होते.

तेराव्यात आमच्या आधीचे कारकून टाकानं लिहायचे:
'बाप नाशिकरोडला प्रेसमध्ये, रात्रपाळी, सही उद्या.'
'जुळ्यातली दुसरी. पहिली मृत्यूच्या वहीत पाहावी.'
'सुईण हौसाबाई. डावा अंगठा, उजवा भाजला आहे.'
ऑडिटला याचा काही उपयोग नव्हता.
मी मात्र जेवणाच्या सुट्टीत
पेपर वाचावा तसं ते वाचायचो.

गुरुवारी, टोकन त्रेसष्ट.
अंजिराबाई गांगुर्डे, मखमलाबादहून, दोन बस बदलून.
आधारवर माझी जन्मतारीख एक जानेवारी पडलीय, म्हणाल्या,
आमच्या आळीत सगळ्यांचीच तीच.
मी पोळ्याची आहे. मला माझी तारीख द्या.

बापाचं नाव टाकलं, साल टाकलं.
नोंद सापडली. मुलगी.
नावाच्या जागी काही नाही,
आणि खाली लाल अक्षरांत: नाव अनिवार्य आहे.

निवृत्तीला तळघरात पाठवलं.
तो लिफ्टनं वर आला, तेच तांबूस रजिस्टर घेऊन.
पान चिकटलेलं. पट्टीनं सोडवलं.
काचेच्या भोकातून मी शेरा वाचून दाखवला:
'नाव बारशानंतर कळवतो म्हणाले.'

बाई जरा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, राहून गेलं असेल.
सणाचे दिवस, बैल होते घरी चार.
पदर सारखा केला,
आणि भोकाशी तोंड नेऊन,
मोठ्यानं, हजेरी द्यावी तसं:
मग आता कळवते. लिहा. अंजिरा.

मागच्या खुर्च्यांवरचे टोकनवाले मान वर करून बघायला लागले.

संगणकानं विचारलं, माहिती देणाऱ्याचं बाळाशी नातं.
खाली पर्याय उघडले: वडील, आई, रुग्णालय, इतर.
'स्वतः' नव्हतं.
दोनदा वरखाली करून पाहिलं.
'इतर' निवडलं.

दाखला एकोणीस मिनिटांनी निघाला.
त्यांनी तो घडी न घालता नेला,
उन्हात, दोन्ही हातांत आडवा,
ताट नेतात तसा.

संध्याकाळी निवृत्ती रजिस्टर खाली न्यायला आला.
थांब म्हटलं.
पेन्सिलीनं, नियमात बसत नसताना,
त्या शेऱ्याखाली लिहिलं:
'कळवलं. स्वतः आल्या होत्या.'

त्या पानाचं स्कॅनिंग
बुधवारीच उरकलं होतं.